पोच

मराठीत 'पोच' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. पाठवलेली वस्तू मिळाल्याची कबुली म्हणजे पोच; आणि कुठे कसे वागावे, कोणाला काय उत्तर द्यावे याची समज म्हणजेही पोच. एका छोट्या वाङ्मयीन संस्थेचा लिनक्स सर्व्हर सांभाळण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. टपालसेवा चालवणाऱ्या यंत्रात हे दोन्ही अर्थ एकमेकांना किती चिकटून आहेत, हे त्या कामात हळूहळू ध्यानात आले. त्याविषयी थोडे लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

सर्व्हर सुरक्षित कसा करावा, हे सांगणाऱ्या पुस्तकांचा एकंदर सूर बंदोबस्ताचा असतो. जे लागत नाही ते बंद करा, जे लागते त्याला कुलूप घाला, आणि किल्ली मोजक्या माणसांच्या हाती ठेवा. सल्ला योग्यच आहे. पण टपालसेवा या सल्ल्यात पूर्णपणे बसत नाही. ज्याचे नाव आपण कधी ऐकलेले नाही अशा माणसाने आपल्याला पत्र लिहावे, आणि ते आपल्याला मिळावे, हाच तिचा हेतू. अनोळखी माणसासाठी दार उघडे ठेवणे हे जिचे कर्तव्यच आहे, तिची सुरक्षा कशी ठरवायची? फायरवॉलच्या दोन ओळींत या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

संस्थेचे त्रैमासिक आहे. वर्गणीदार थोडे, लेखक त्याहून थोडे, आणि दोघांतले बरेच जण वयस्कर. पूर्वी संपादकीय पत्रव्यवहार एका मोठ्या कंपनीच्या फुकट सेवेवर चाले. कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका गावातील निवृत्त ग्रंथपालांनी आपल्या बंद पडलेल्या वाचनालयावर एक दीर्घ लेख आम्हांला पाठवला होता. तो कुणीच पाहिला नाही. वर्षभराने एका समारंभात त्यांची गाठ पडली, तेव्हा त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले, "लेख पसंत पडला नाही, हे ठीकच आहे. पण 'साभार परत' असं दोन शब्दांत कळवायची पद्धतही आता गेली का?" त्यांनी लेख पाठवल्याची नोंद आपल्या फोनवर दाखवली. आमच्या पेटीत त्याचा मागमूस नव्हता. संशयित पत्रांचा वेगळा कप्पा त्या सेवेत तीस दिवसांनी आपोआप रिकामा होत असे. लेख तिथे जाऊन पडला आणि नाहीसा झाला, एवढाच अंदाज बांधता आला. लेखकाला वाटले, संपादकांनी उत्तर देण्याचे सौजन्य दाखवले नाही. संपादकांना तर काही आले आहे हेच ठाऊक नव्हते. अपमान कोणीही केला नव्हता, तरी तो घडला होता. २०१७ साली संस्थेने स्वतःचा सर्व्हर भाड्याने घेतला, त्यामागे हे एक कारण होते.

बंदोबस्ताचा भाग लवकर उरकतो. यंत्रावर डेबियन बसवले. दुरून आत शिरण्यासाठी एसएसएच लागते. त्यात 'रूट' या सर्वाधिकारी नावाने थेट प्रवेश बंद केला, परवलीचा शब्दही बंद केला आणि फक्त किल्लीच्या जोडीवर प्रवेश ठेवला. या जोडीतला खाजगी अर्धा भाग माझ्या संगणकाबाहेर जात नाही. फायरवॉलमध्ये एसएसएचचे २२, टपाल घेण्याचे २५, आमच्याच माणसांनी पत्रे पाठवण्याचे ५८७ आणि पेटी वाचण्याचे ९९३ एवढीच पोर्टे उघडी ठेवली. 'फेल टू बॅन' नावाचा एक पहारेकरी बसवला. दहा मिनिटांत पाचदा चुकीची ओळख सांगणाऱ्याला तो दहा मिनिटे बाहेर ठेवतो. ही त्याची मूळची मापे आहेत आणि ती आम्ही तशीच राहू दिली. नोंदवही उघडली की दिसते, रात्रंदिवस कोणी ना कोणी 'ॲडमिन', 'टेस्ट', 'ओरॅकल' अशी नावे घेऊन कडी वाजवत असते. पहिल्या आठवड्यात याची धास्ती वाटते, पुढे ते रातकिड्यांच्या आवाजासारखे होऊन जाते. इथे विचार करण्यासारखे फारसे नाही. हे दार मोजक्या माणसांचे आहे आणि ती माणसे कोण हे आपल्याला माहीत आहे.

खरा प्रश्न पंचवीस क्रमांकाच्या दाराशी सुरू होतो. तिथे चालणारा संवाद १९८२ साली जोनाथन पोस्टेल यांनी लिहून ठेवलेल्या नियमांवर अजूनही उभा आहे. येणारा सर्व्हर प्रथम 'हेलो' म्हणून आपले नाव सांगतो. मग पत्र कोणाकडून आणि कोणासाठी हे सांगतो, नंतर मजकूर देतो. प्रत्येक वाक्याला आपला सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो. दोनशेच्या घरातले उत्तर म्हणजे होकार. चारशेचे म्हणजे 'आत्ता नाही, पुन्हा या'. पाचशेचे म्हणजे नकार. या संवादात कोणी आपले नाव खरे सांगितले की खोटे, हे तपासण्याची सोय मुळात नव्हती. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्या त्या लहानशा जगात तशी गरजही कोणाला भासली नाही. पाकिटावर कोणाचेही नाव लिहा, टपालवाला ते खरे मानून चाले. एवढेच नव्हे, तर कोणीही कोणाचेही टपाल पुढे पोचवावे, हा त्या काळचा शेजारधर्म होता.

या विश्वासाला पहिला मोठा तडा २ नोव्हेंबर १९८८ रोजी गेला. रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेलच्या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म' ज्या वाटांनी यंत्रांमध्ये शिरला, त्यांतली एक वाट 'सेंडमेल' या त्या काळी सर्वत्र चालणाऱ्या टपाल-प्रणालीतून जात होती. दुरुस्तीच्या सोयीसाठी ठेवलेली एक खिडकी अनेक ठिकाणी उघडीच राहिली होती. सेंडमेल हा एकच मोठा कार्यक्रम होता आणि त्याच्या हाती यंत्राचे सर्वाधिकार असत; तो फसला की सारे घर फसे. आम्ही जो 'पोस्टफिक्स' वापरतो, तो वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहून १९९८ साली प्रसिद्ध केला. त्याची रचना हे या अनुभवावरचे उत्तर आहे. त्यात एकच कारभारी नाही. दारावर बोलणारा वेगळा, पाकिटे नीट करणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, बाहेर नेऊन देणारा वेगळा. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच अधिकार. दारावरच्याला कोणी भुलवले, तरी त्याच्या हाती तिजोरीची किल्ली नसते. जुन्या पेढ्यांवर रोकड सांभाळणारा आणि वही लिहिणारा वेगळे ठेवत, ते कोणी चोर आहे म्हणून नव्हे. संशय घरच्या माणसावर नसून प्रसंगावर असतो, हे त्यात गृहीत होते.

पोस्टफिक्सची मुख्य मांडणी एका साध्या मजकुराच्या धारिकेत असते. मी ती पुष्कळदा वाचली आहे, आणि तिच्यातला एक एक शब्द म्हणजे 'आपले कोण' या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. 'माय नेटवर्क्स' या नावाच्या ओळीत, आपण ज्यांचे टपाल न विचारता पुढे नेऊ, अशा यंत्रांचे पत्ते असतात. अनेक वर्षे पोस्टफिक्सची मूळ समजूत अशी होती की, आपल्याच गल्लीतली, म्हणजे एकाच उपजालातली यंत्रे ही आपलीच. एका कचेरीत ते खरेही असे. पण भाड्याच्या यंत्रांच्या आजच्या वस्तीत शेजारच्या पत्त्यावर कोण राहतो, हे कोणालाच माहीत नसते. २०१५ साली आलेल्या ३.० या आवृत्तीत ही समजूत बदलली आणि नव्या मांडणीत 'आपले' म्हणजे फक्त स्वतःचे यंत्र, असे ठरले. शहरातल्या इमारतींत शेजाऱ्याकडे किल्ली ठेवण्याची रीत कधी गेली, याची तारीख कोणी सांगू शकणार नाही. इथे मात्र ती आवृत्तीच्या क्रमांकासह नोंदलेली आहे.

या बदलाला विरोध करणारेही होते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी एक, जॉन गिल्मोर, यांनी आपला सर्व्हर कोणाचेही टपाल पुढे नेण्यासाठी तत्त्व म्हणून उघडा ठेवला होता. कोणाचे पत्र न्यावे आणि कोणाचे नेऊ नये, हे ठरवणे टपालवाल्याचे काम नव्हे, अशी त्यांची भूमिका. परिणामी त्यांचा सर्व्हर काळ्या याद्यांत गेला. मी स्वतः असे दार उघडे ठेवणार नाही. ते उघडे ठेवले तर काही तासांत आमच्या नावावर हजारो लोकांना भामटेपणाची पत्रे जातील. तरीही गिल्मोर यांचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. नियम कडक करताना आपण कोणाला बाहेर ठेवत आहोत, हे एकदा तरी स्वतःला विचारले पाहिजे, एवढे त्यातून मी घेतले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पत्राचा मजकूर संपला की घेणारा सर्व्हर '२५०' हा आकडा उच्चारतो. तो वरवर 'ठीक आहे' एवढाच दिसतो. पण १९८९ सालच्या नियमपत्राने त्याचा अर्थ स्पष्ट केला आणि २००८ सालच्या सुधारित नियमांत तो कायम राहिला. हा आकडा उच्चारणाऱ्याने पत्राची जबाबदारी घेतली. यापुढे यंत्र मध्येच बंद पडले किंवा जागा पुरली नाही, अशा सबबी सांगून ते हरवता येणार नाही. म्हणूनच पोस्टफिक्स पत्र तबकडीवर प्रत्यक्ष उतरल्याखेरीज २५० म्हणत नाही. पुढच्या सर्व्हरने दार उघडले नाही, तर तो पाच दिवस पुन्हा पुन्हा जातो, आणि तरीही जमले नाही तर पाठवणाऱ्याला कारणासह तसे कळवतो. पोहोचवा, नाहीतर पाठवणाऱ्याला सांगा; तिसरा मार्ग या व्यवस्थेत नाही.

संशयित पत्रांचा कप्पा हा तो तिसरा मार्ग आहे. पाठवणाऱ्याला २५० म्हणायचे, आणि घेणाऱ्याला पत्र आल्याचे कळू द्यायचे नाही. दोघांनाही दुसऱ्याविषयी गैरसमज करून घ्यायला मोकळे सोडायचे. ग्रंथपालांच्या बाबतीत हेच घडले. त्यांना होकार मिळाला होता, फक्त तो पाळला गेला नाही.

मग आलेले पत्र नको असेल तर काय करावे? आधी घेऊन मागाहून परत पाठवावे, हा सभ्य वाटणारा मार्गही इथे चालत नाही. भामटा पाकिटावर भलत्याच माणसाचे नाव घालतो. परत केलेले पत्र त्या निरपराध माणसाच्या घरी जाते, आणि ज्याने काहीच पाठवले नाही त्याच्यावर नकारांचा वर्षाव होतो. म्हणून नकार द्यायचा तो दारातच, संवाद चालू असताना. तो नकार समोर उभ्या असलेल्या सर्व्हरला मिळतो. तो प्रामाणिक असेल तर आपल्या माणसाला कळवतो, लबाड असेल तर निमूट निघून जातो.

आमच्या सर्व्हरची मांडणी या एका तत्त्वावर केली. दारात पोस्टफिक्सचाच 'पोस्टस्क्रीन' बसवला. येणाऱ्याला तो स्वागताचे अर्धेच वाक्य ऐकवतो आणि सहा सेकंद थांबतो. ज्यांना नियम माहीत आहेत ते वाक्य पुरे होण्याची वाट पाहतात. हजारो दारे झटपट ठोठावत सुटलेली बाधित यंत्रे मध्येच बोलू लागतात आणि तिथेच ओळखली जातात. मजकूर तपासणारी चाळणीही पत्र स्वीकारण्याआधी, त्याच संवादात चालते. ती पत्राला गुण देते. पंधराच्या वर गेले तर दारातच नकार. पाच ते पंधरा यांच्या मधले संशयास्पद पत्र विषयाच्या आधी खूण करून सर्वांच्या सोबत त्याच पेटीत. वेगळा कप्पा ठेवलेलाच नाही. याची किंमत आहे: उपसंपादकांना रोज सात-आठ निरर्थक पत्रे डोळ्यांनी पाहून खोडावी लागतात. त्यांनी ती किंमत मान्य केली, कारण ग्रंथपालांची गोष्ट त्यांनाही आठवत होती.

ओळख पटवण्याच्या अलीकडच्या तीन रीतींनी मात्र हे तत्त्व चांगलेच कसाला लावले. पाकिटावरच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे, याची जाहीर यादी म्हणजे 'एसपीएफ'. मजकुरावर उमटवलेली, गणिताने पडताळता येणारी मोहोर म्हणजे 'डीकिम'. आणि पत्राच्या माथ्यावर दिसणारे नाव या दोहोंपैकी निदान एकाशी जुळते का, न जुळल्यास काय करावे, हे नावाच्या मालकानेच सांगून ठेवणे म्हणजे 'डीमार्क'. तिन्ही रीती उपयोगी आहेत. पण पहिलीत एक अडचण आहे. पत्र कोणी मध्यस्थाने पुढे पाठवले, तर पाकिटावर नाव मूळ लेखकाचे आणि आणून देणारे यंत्र मध्यस्थाचे, अशी स्थिती होते. यादीच्या दृष्टीने तो तोतया ठरतो.

आमचे एक संपादक महाविद्यालयातून निवृत्त झालेले. जुन्या अंकांवर त्यांचा महाविद्यालयाचा पत्ता छापलेला आहे. तिथे आलेले टपाल तो सर्व्हर आमच्याकडे वळवतो. कोकणातल्या एका बाईंनी तो जुना पत्ता पाहून आपला अनुवाद पाठवला. त्या मुलाच्या व्यवसायाच्या पत्त्यावरून लिहीत, आणि त्या नावाची एसपीएफ यादी कडक होती. आमच्या सर्व्हरने नियमाप्रमाणे ५५० म्हटले. पोस्टफिक्समध्ये प्रत्येक नकाराच्या खाली एक वाक्य जोडण्याची सोय आहे. तिथे मी संस्थेचा दूरध्वनी घालून ठेवला होता: अडचण असल्यास फोन करावा. वाक्य रोमन लिपीत, कारण या संवादात सर्वत्र भरवशाने चालणारी लिपी अजून तीच आहे. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला.

"अहो, मला कसलंसं इंग्रजी पत्र आलंय. खाली तुमचा नंबर दिसला म्हणून केला फोन. पाचशे पन्नास म्हणजे काय हो? पैसे भरायचे आहेत का?"

"नाही हो बाई, पैसे नाहीत. तुमचं पत्र आमच्या दारापर्यंत आलं होतं, पण वाटेत पत्ता बदलल्यामुळे आमच्या यंत्राला ओळख पटली नाही."

"म्हणजे अनुवाद नापसंत नाही ना?"

"तो अजून कोणी वाचलेलाच नाही. आता सांगतो त्या पत्त्यावर थेट पाठवा."

त्यांनी पाठवला. तो छापला गेला की नाही, हा भाग वेगळा आणि तो संपादकांचा. त्याच दिवशी महाविद्यालयाच्या सर्व्हरचा पत्ता मी एसपीएफच्या तपासणीतून वगळला. याचा अर्थ, तिथून येणाऱ्या टपालाच्या ओळखीची हमी आता आम्ही स्वतः घेतली. नियम शिथिल केला असे कोणी म्हणेल. माझ्या मते एका माणसाच्या शब्दावर दुसऱ्याला आत घेण्याची जुनी रीत तेवढ्यापुरती परत आणली.

यावरून सर्वांनी आपापले सर्व्हर थाटावेत, असे मी सुचवणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या चाळण्या आमच्यापेक्षा कितीतरी तरबेज आहेत, आणि ज्या पेटीत दिवसाला हजार निरर्थक पत्रे येतात तिथे वेगळा कप्पा ठेवण्याला इलाज नसेल. शिवाय दाराची एकच बाजू आपल्या हाती असते. आम्ही पाठवलेल्या पत्रांचे पलीकडे काय होते, हे आम्हांला कळत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी ओळखीचे नियम अधिक कडक केले; दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना वरच्या तिन्ही रीती सक्तीच्या झाल्या. आमची पत्रे दिवसाला पन्नासही नसतात, तरी तिन्ही रीती आम्ही पाळतो. यंत्राच्या पत्त्यावरून नाव उलट शोधता यावे अशी नोंदही केली आहे. इतके करूनही अंक निघाल्याचे पत्र वर्गणीदाराच्या नजरेपासून दूर पडते. पलीकडून आलेले २५० आमच्या नोंदवहीत असते, आणि वर्गणीदार फोनवर सांगतात की काहीच आले नाही. या आकड्यामागची जबाबदारी पाळणे न पाळणे ज्यांच्या हाती आहे, ते आता मोजकेच उरले आहेत आणि त्यांना जाब विचारण्यासाठी दूरध्वनीचा क्रमांक नसतो.

टपाल घेणाऱ्या प्रत्येक नावाला 'पोस्टमास्टर' या पत्त्यावर आलेले पत्र घ्यावेच लागते, असा एक जुना नियम आहे. काही बिघडले तर कोणाला तरी सांगता यावे, एवढाच त्याचा हेतू. आमच्याकडे ती पेटी माझ्याकडे येते. तिच्यात बहुतेक केरकचराच असतो. तरी मी ती रोज सकाळी चाळतो.

आणि यंत्राची पोच म्हणजे माणसाची पोच नव्हे, हेही या कामात कळले. सर्व्हरने २५० म्हटले म्हणजे लेख आमच्या घरात आला, एवढेच. तो कोणी उघडला, वाचला, याची हमी त्यात नाही. ती कोणत्याही मांडणीच्या धारिकेत लिहिता येत नाही. म्हणून आता अंकाच्या पहिल्या पानावर एक ओळ छापतो: 'साहित्य मिळाल्याची पोच आठ दिवसांत न आल्यास कृपया दूरध्वनी करावा.' आणि उपसंपादक प्रत्येक लेखकाला दोन ओळींचे उत्तर स्वतः लिहितात. नापसंत लेखांनाही, त्या उत्तरांत 'साभार परत' हे शब्द असतात.